एका प्रोसेसचे तीन आकडे आणि म्हात्रे काकांची बाग

मागच्या महिन्यात युरोपातल्या एका कस्टमरची एक्सेल शीट आली. आधी क्वालिटीची प्रश्नावली यायची, मग सेफ्टीची यायला लागली, आता सस्टेनेबिलिटीची. त्यात एक रकाना होता, 'प्रोसेस मास इंटेन्सिटी', आणि त्यापुढे एकच आकडा भरायची जागा. आमच्या सरांनी ती शीट माझ्याकडे ढकलली आणि म्हणाले, अगं संध्याकाळपर्यंत भरून टाक, पाच मिनिटांचं काम आहे. त्या पाच मिनिटांना तीन आठवडे लागले, म्हणून ही पोस्ट.

मी ठाण्याला राहते आणि रबाळे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटला आहे, म्हणजे लॅबमध्ये फ्लास्कात जे जमतं ते प्लांटमध्ये रिअॅक्टरात कसं जमवायचं हे बघणं. कंपनीचं नाव सांगणार नाही, प्रॉडक्टचंही नाही, आणि खालचे प्लांटचे आकडे मुद्दाम बदलून गोल केलेत, उगाच कोणी हिशोब मांडून ओळखायला नको. पण केमिस्ट्री खरी आहे.

तर प्रॉडक्ट एक अमाइड. मोलेक्युलर वेट २५० धरा. बॅच शंभर किलोची. जुना रूट सगळ्यांना पाठ असलेला: अॅसिड घ्या, थायोनिल क्लोराइड घालून त्याचा अॅसिड क्लोराइड करा, मग एमडीसीमध्ये, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड या सॉल्व्हंटमध्ये, कॉस्टिक सोडा टाकत टाकत अमाइनशी जोडा, पाण्याने धुवा, एमडीसी उडवा, संपलं. रिअॅक्शन फर्स्ट क्लास चालते, यील्ड मस्त, ऑपरेटरांना डोळे झाकून येते.

आता एक किलो प्रॉडक्टमागे आत काय काय जातं ते मांडलं. कच्चा माल, थायोनिल, कॉस्टिक मिळून अडीच किलोच्या थोडं वर. एमडीसी आठ किलो. पाणी बारा किलो. बेरीज साडेबावीस, हीच शीटमधली प्रोसेस मास इंटेन्सिटी, थोडक्यात पीएमआय. म्हणजे साडेबावीस किलो आत गेलं, एक किलो विकण्यासारखं बाहेर आलं, उरलेलं साडेएकवीस किलो कचरा. पण रॉजर शेल्डन नावाच्या केमिस्टने १९९२ साली ई-फॅक्टर नावाचं माप मांडलं, एक किलो मालामागे किती किलो कचरा असं सरळसोट, त्यात त्याने पाणी धरलंच नव्हतं. ते वजा केलं की आकडा साडेनऊवर. शिवाय एमडीसी काय आपण फेकून देत नाही, ८० टक्के रिकव्हर करतो, ते वजा केलं की तीनच्या थोडं वर! साडेएकवीस, साडेनऊ आणि तीन, प्रोसेस तीच, रिअॅक्टर तोच, बॅचशीटसुद्धा तीच, आणि तिन्ही आकडे खरे. मार्केटिंगवाल्याला विचारलंत तर तो कुठला भरेल हे सांगायला नको.

शेल्डनचं एक उदाहरण मात्र ऐकण्यासारखं आहे. फ्लोरोग्लुसिनॉल नावाचं इंटरमीजिएट एकेकाळी टीएनटीपासून बनवायचे, हो, तेच बॉम्बमधलं टीएनटी. डायक्रोमेटने ऑक्सिडेशन, मग लोखंड आणि हायड्रोक्लोरिकने रिडक्शन, मग उकळणं, आणि एक किलो मालामागे जवळजवळ ४० किलो घन कचरा, त्यात क्रोमियम आलंच. तो प्लांट शेवटी बंद करावा लागला कारण कचऱ्याची विल्हेवाट लावायचा खर्च मालाच्या किमतीच्या जवळ जायला लागला. यील्ड वाईट नव्हतं हं. आम्हाला कॉलेजात यील्ड एके यील्ड शिकवलं, ९० टक्के आलं की पाठ थोपटायची, आणि उरलेलं कुठे जातं हे सिलॅबसमध्ये नव्हतं. बॅरी ट्रॉस्टने अॅटम इकॉनॉमी मांडली १९९१ ला, म्हणजे आत गेलेल्या अणूंपैकी किती मालात उतरले. ते वाचलं तेव्हा मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती.

आमच्या अमाइडची अॅटम इकॉनॉमी काढली तर ६५ टक्के. स्क्रबरमधला, म्हणजे बाहेर पडणारे गॅस धुणाऱ्या टॉवरमधला, आणि रिअॅक्शनमधला कॉस्टिक धरला तर ४६. का, ते बघा. थायोनिल क्लोराइडमधलं मालात काहीही उतरत नाही, एक अणूही नाही. त्याचं सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक होऊन जातं, ते हवेत सोडता येत नाही म्हणून स्क्रबरमध्ये कॉस्टिकने पकडायचं, दुसऱ्या स्टेपमधलं हायड्रोक्लोरिकही कॉस्टिकनेच मारायचं, आणि शेवटी हातात काय, तर सोडियम सल्फाइट आणि साधं मीठ. एक मोल मालामागे १२६ ग्रॅम सल्फाइट आणि ११७ ग्रॅम मीठ, मिळून २४३ ग्रॅम. माल २५० ग्रॅम. म्हणजे किलोला किलो! आपण अमाइड विकतोय की मीठ बनवतोय असा प्रश्न पडावा. आणि हे मीठ असं तसं जात नाही, खारं पाणी बायॉलॉजिकल ट्रीटमेंटला चालत नाही, बॅक्टेरिया मरतात, म्हणून ते एमईईला, म्हणजे मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरला पाठवायचं, वाफ देऊन आटवायचं, आणि जे ओलं मीठ उरतं ते ट्रकमध्ये भरून तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात. तिकडे ते लँडफिलमध्ये पडून राहतं. कायमचं.

थायोनिलचे ड्रम हा वेगळाच विषय. पाण्याशी भांडण असलेला पदार्थ, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. दर जूनमध्ये स्टोअरवाले ताडपत्री, प्लॅटफॉर्म, सगळं नीट करून घेतात, तरी मला पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री झोप लागत नाही. ट्रेव्हर क्लेट्झ नावाचा ब्रिटिश सेफ्टीवाला सांगून गेला की जे साठवलंच नाही ते गळणार कुठून. तो हे १९७० च्या दशकात सांगत होता, आणि १९८४ ला भोपाळमध्ये जे गळलं ते मिथाइल आयसोसायनेट हे टाकीत साठवून ठेवलेलं इंटरमीजिएटच होतं.

तर मी नवीन रूट काढला. म्हणजे मी शोधला नाही, लिटरेचरमध्ये आहे, मी फक्त आमच्या मालावर करून बघितला. अॅसिड आणि अमाइन सरळ टोल्युइनमध्ये उकळायचं, डीन-स्टार्क लावून पाणी काढत राहायचं, आणि कॅटॅलिस्ट म्हणून पाच मोल टक्के बोरिक अॅसिड. बस. बाहेर पडतं ते फक्त पाणी. अॅटम इकॉनॉमी ९३ टक्के. थायोनिल नाही, कॉस्टिक नाही, स्क्रबर नाही, मीठ नाही, एमडीसी नाही. माल टोल्युइनमधूनच थंड केल्यावर क्रिस्टल होऊन पडतो, फिल्टर करा, केक थोड्या पाण्याने धुवा. साडेबावीसवरून आकडा नऊवर आला. लॅबमध्ये तीनदा करून बघितलं, प्युरिटी तीच.

मी त्या दिवशी जाम खूश. एमडीसी ४० डिग्रीला उकळतो आणि मे महिन्यात आमच्या कूलिंग टॉवरचं पाणीच ३२ ला असतं, चिल्ड ब्राइन चालू ठेवली तरी कंडेन्सरमधून निसटतोच, तो वारा आमच्याच नाकात. तो जाणार म्हणून ऑपरेटर पण खूश. बोरिक अॅसिडबद्दल तर मी मीटिंगमध्ये म्हटलंसुद्धा, अहो कॅरमबोर्डावर टाकतो ना आपण, तीच पावडर. सगळे हसले. पायलट ट्रायलची तारीख पडली.

ट्रायलच्या आधी ईटीपीला, म्हणजे कंपनीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटला, सूचना द्यावी लागते, एक पानी फॉर्म असतो, काय काय पाण्यात येणार त्याचा. तो फॉर्म घेऊन दुसऱ्या दिवशी म्हात्रे काका लॅबमध्ये आले. काका म्हणजे आमचे ईटीपी ऑपरेटर, घणसोली गावातले, माझ्या शिक्षणापेक्षा त्यांची नोकरी जुनी. लॅबमध्ये ते सहसा येत नाहीत, बूट काढून दारातच उभे.

"मॅडम, यात बोरिक लिवलंय."

"हो काका, किती थोडं आहे, सव्वा किलो बॅचला."

"ते मरत नाय ना पण."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की आधी ते जिथे होते तिथे एकदा बोरॉनचं पाणी बागेला गेलं आणि महिन्याभरात पानांची टोकं जळायला लागली, कडेकडेने, आधी पिवळी मग तपकिरी, माळ्याने आधी खताला दोष दिला. आमच्याकडेही ट्रीट केलेल्या पाण्यातलं बरंचसं बागेला जातं. त्या बागेची जबाबदारी ऑफिशियली अॅडमिनची आहे पण जीव काकांचा आहे, जास्वंद, अनंत, कडेला दोन लिंबं, उन्हाळ्यात सगळ्या स्टाफला लिंबं वाटतात.

ते गेल्यावर मी हिशोब मांडला. शंभर किलो बॅच म्हणजे ४०० मोल, पाच टक्के म्हणजे २० मोल बोरिक अॅसिड, साधारण १.२४ किलो, त्यात बोरॉन साडेसतरा टक्के म्हणजे २१६ ग्रॅम. ईटीपीतून दिवसाला एक लाख लिटर पाणी जातं, रोज एक बॅच धरली तर लिटरला २ मिलिग्रॅमच्या थोडं वर. नाजूक झाडांना अर्ध्या ते एक मिलिग्रॅमपासूनच त्रास सुरू होतो, आणि लिंबू त्याच नाजूक यादीत. बॅक्टेरिया बोरॉन खात नाहीत, तो आत गेला तसाच बाहेर येतो, आरओमधूनही बराचसा निसटतो कारण साधारण पीएचला बोरिक अॅसिडवर चार्जच नसतो. वर ते युरोपात २०१० पासून प्रजननाला घातक म्हणून काळजीच्या यादीत आहे, आणि शीट पाठवणारा कस्टमर युरोपातलाच. हे मला माहीत होतं. यादी मी उघडून बघितली होती. पण पीएमआयच्या आकड्यात बोरिक अॅसिडचा वाटा ०.०१२, तिथे नजर थांबतच नाही.

किलोच्या हिशोबात एक किलो मीठ आणि एक किलो क्रोमियम सारखंच दिसतं. शेल्डननेही म्हणून ठेवलंय की कचऱ्याच्या वजनाला त्याच्या त्रासाने गुणायला पाहिजे, पण तो गुणक ठरवायचा कोणी? इथे तो काकांनी ठरवला, लिंबाच्या पानावरून.

मग दुसरं भांडण, वाफेचं. युटिलिटीवाले म्हणाले मॅडम तुमचा नवा रूट २० तास रिफ्लक्सवर आहे, ग्रीन कसला, वाफ बघा. बघितली. तासाला दोनशे किलो टोल्युइन वर चढतोय आणि कंडेन्स होऊन खाली येतोय, त्याला बॅचभर सातशे किलोच्या आसपास वाफ. त्यांचं बरोबर होतं. जुन्या रूटच्या बॅचशीटमध्ये वाफ जवळजवळ नाहीच, रिअॅक्शन थंडच चालते. पण मग मी एमईईचा लॉग मागवला. जुन्या रूटचं बॅचमागे दीड हजार लिटर खारं पाणी एमईईला जातं, ते आटवायला सहाशे किलो वाफ, आणि एमडीसी रिकव्हरीला सव्वाशे. म्हणजे सातशे पंचवीस! तीच वाफ, तोच बॉयलर. फरक एवढाच की नव्या रूटची वाफ प्रॉडक्टच्या नावावर दिसते आणि जुन्याची 'कॉमन युटिलिटी' नावाच्या खात्यात, जे सगळ्या प्रॉडक्टवर सारखं वाटलं जातं. म्हणजे इतकी वर्षं आमच्या मिठाचं बिल शेजारचं प्रॉडक्ट भरत होतं. अकाउंटवाल्या दादांना हे दाखवलं तर ते म्हणाले, पद्धत आहे ती.

आयएसओ १४०४० मध्ये एलसीए, म्हणजे मालाच्या पूर्ण आयुष्याचा पर्यावरणाचा हिशोब, करताना पहिली गोष्ट काय सांगतात, तर हद्द कुठली ते लिहा. पूर्वी मला ती कागदी औपचारिकता वाटायची.

बरं, त्या सातशे किलोकडे परत बघितलं तर अजून एक गंमत. रिअॅक्शनमधून निघणारं पाणी किती? शंभर किलो बॅचला ७.२ किलो. सात लिटर पाणी काढायला सातशे किलो वाफ! टोल्युइन-पाण्याच्या अझिओट्रोपमध्ये, म्हणजे दोन्ही एकत्र उकळून वर येतात त्या मिश्रणात, वीस टक्के पाणी असतं, म्हणजे नीट काढलं तर तीस किलो टोल्युइनसुद्धा पुरे. बाकी सगळा रिफ्लक्स नुसता वर-खाली फिरत होता, कारण लॅबमध्ये हीटिंग मँटल फुल्ल ठेवायची सवय आणि तीच सवय प्रोसेसमध्ये उतरली. रिअॅक्शनला तापमान पाहिजे, उकळ्या नकोत. पहिले सहा तास जोरात, मग जॅकेट कमी, आणि कंडेन्सरपर्यंतच्या पाइपला लॅगिंग. वाफ निम्म्यावर आली. हे काही शोधबिध नाही, कोणीही केमिकल इंजिनिअर सांगेल, फक्त विचारलं नव्हतं कोणी.

आता प्रश्न असा की हे सगळं जुन्या रूटच्या वेळी कोणी का नाही केलं. केलं असतं तर फुकटात झालं असतं. आता त्या मालावर चार कस्टमरांची अप्रूव्हल्स आहेत, दोन जणांचं फार्मा फाइलिंग त्यावर उभं आहे, रूट बदलायचा म्हणजे प्रत्येकाला कळवा, नवीन इम्प्युरिटी प्रोफाइल द्या, स्टॅबिलिटी पुन्हा लावा, एमपीसीबीच्या, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, कन्सेंटमध्ये काय बदलतं ते बघा. दोन वर्षं कुठे गेली कळणार नाहीत. ज्या दिवशी पहिल्या केमिस्टने नोटबुकमध्ये थायोनिल लिहिलं, त्या दिवशी तळोज्याचा ट्रक बुक झाला. आणि त्या दिवशी हिशोब करायला काय लागलं असतं? मोलेक्युलर वेटं आणि एक कागद. मी हल्ली कुठलाही नवा रूट आला की फ्लास्क घेण्याआधी तो कागद करते. काय काय जोडलं जातंय आणि काय नुसतं सोबत येऊन जातंय, सॉल्व्हंट परत मिळणारा आहे का पाण्यात मिसळून बसणारा, मीठ किती, आणि थोडंसंच असलं तरी न मरणारं काय आहे. हा शेवटचा प्रश्न काकांमुळे आला. कार्बन फूटप्रिंट त्या कागदावर नसतो, इतक्या लवकर तो काढायला डेटाच नसतो, आणि ज्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये तो दोन दशांश स्थळांपर्यंत असतो त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

आणि हे झालं प्रोसेसचं. प्रॉडक्ट स्वतःच घोळ घालणारं असेल तर प्रोसेस कितीही ग्रीन करा. डायक्लोफेनॅक घ्या. माणसासाठी कामाचं औषध, गुरांना द्यायला लागले, मेलेली गुरं गिधाडांनी खाल्ली, त्यांच्या किडन्या गेल्या, आणि भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली. गुरांसाठी बंदी आली २००६ ला. मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून होतंच. मग बाजारात अॅसिक्लोफेनॅक, जे शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं! ते बंद व्हायला २०२३ उजाडलं. रेणू बघून पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. कुठल्या ई-फॅक्टरमध्ये गिधाड बसतं सांगा.

परवा ट्रान्सहार्बरला भयंकर गर्दी म्हणून ऐरोलीला उतरले आणि रिक्षा शोधत खाडीच्या बाजूला जरा गेले, फ्लेमिंगो होते, लांब, गुलाबी रेघ दिसावी तसे. ठाणे खाडी २०२२ पासून रामसार साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आणि आमच्या पट्ट्यातलं सीईटीपीचं, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या सामायिक सांडपाणी प्लांटचं, पाणी ट्रीट होऊन शेवटी त्याच खाडीला जातं. म्हणजे आमच्या शीटची खरी हद्द साधारण तिथे आहे, कंपनीच्या गेटवर नाही. हे सरांना सांगितलं तर म्हणाले, हे शीटमध्ये लिहू नकोस.

तर सध्याची परिस्थिती. पायलट ट्रायल झाली, पण केक धुतलेलं पाणी ईटीपीला सोडलं नाही, वेगळं ड्रममध्ये घेतलं, तीनशे लिटर, ते एमईईला जाईल. म्हणजे थोडी वाफ परत वाढली, तिचा हिशोब मी प्रॉडक्टच्याच नावावर लावलाय. बोरिकशिवायही ट्राय करतेय, टोल्युइनऐवजी झायलीनमध्ये १४० डिग्रीला, रिअॅक्शन पुढे जाते पण माल पिवळा पडतो आणि एक नवीन इम्प्युरिटी येते, तिचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. कस्टमरच्या शीटमध्ये मी साडेबावीस भरलं, कारण आज जो माल जातोय तो जुन्या रूटचाच आहे, आणि खाली रिमार्कमध्ये पाण्याशिवाय किती, रिकव्हरी धरून किती हेही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की कृपया फक्त आकडा भरा, रिमार्कचा रकाना त्यांच्या सिस्टिममध्ये अपलोड होत नाही.

ड्रमवर काकांनी खडूने लिहून ठेवलंय, 'बोरिक. बागेत नाय.' लिंबं यंदा बरी आलीत, मला सहा मिळाली.